लागू नाही

१० नोव्हेंबर, रविवार

आज तिसऱ्या कडव्यात उठलो.

पाठांतर वर्गाचा नियम असा की उभं राहून म्हणायचं, हात पाठीमागे, डोळे समोरच्या भिंतीवर, पुस्तक नाही. अर्धवट सोडून गेला किंवा गैरहजर राहिला तो नापास, आणि मग तो दाराजवळच्या स्टुलावर. नियम माझाच. बेंगळुरूच्या चामराजपेटेतले आम्ही नऊ म्हातारे पाटलांच्या माडीवर जमायला लागलो तेव्हा केलेला. तेव्हा सगळ्यांच्या टाक्या मजबूत होत्या.

चौथीतली नदीची कविता घेतली होती. डोंगरातून उतरते, शेताशेताची विचारपूस करत जाते. ओळीओळीत पाणी. तिसऱ्या कडव्याला पोटाखाली असं आवळून आलं की मागचे हात आपोआप पुढे आले. जिना उतरून पाटलांच्या मागच्या मोरीत गेलो. तिथे उभा राहिलो तर येईना. वर सगळे थांबलेत हे कळतंय, आणि खाली नुसती कळ. मग थेंब, थांबणं, थेंब.

वर आलो तर कुलकर्णी म्हणाले, "काय सबनीस, मिळाली का नदी समुद्राला?"

सगळे हसले. मीही हसलो. स्टूल ओढून घेतलं.

घरी आल्या आल्या सु.ने विचारलं, "कितव्या कडव्याला?" लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली की सुमनसारख्या बायकोला काही सांगावं लागत नाही. नुसते जोडे काढतानाची पाठ पुरते.

१२ नोव्हेंबर, मंगळ.

रात्री चारदा. पाचव्यांदा उठलो तेव्हा उजाडलं होतं, म्हणून ते मोजत नाही.

मोरीत उभ्या उभ्या शाळेमागची भिंत दिसली. बेळगावकडचं आमचं गाव, जोशी मास्तरांचा कवितेचा तास, आणि तो सुटला की मधली सुट्टी. आम्ही सहा-सात पोरं भिंतीसमोर ओळीत. कोणाची धार उंच जाते. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर ओल्या कमानी उमटायच्या, उन्हात बघता बघता वाळून जायच्या. बाळू खिडकीच्या खालच्या चौकटीला पोचायचा. मी नेहमी दुसरा. ओठांवर नुकतीच म्हटलेली कविता असायची, समोर कमान, आणि पाठीवर ऊन. पुढे आयुष्यात कशाला इतका बिनकष्टाचा जोर आला असं आठवत नाही.

बाळू आता कुठे असेल. त्यालाही नळ सोडून वाट बघत उभं राहावं लागत असेल का...

सु. म्हणते, "अ.ला सांगू का?" म्हटलं, सांग, मुलगाच तो.

१८ नोव्हेंबर, सोम.

अ.ने सुट्टी काढली. इलेक्ट्रॉनिक सिटीहून इथे गाडीने यायला त्याला पावणेदोन तास लागले. मुलगा थकून आला आणि म्हणाला, "चला बाबा."

हॉस्पिटलात एक फॉर्म दिला, इंग्रजी, पानंच पानं. चष्मा घरी राहिला होता. अ. वाचत गेला आणि मराठी करत गेला. रात्री किती वेळा? धार तुटते का? जोर करावा लागतो का? झाल्यावरही अजून राहिलंय असं वाटतं का? प्रत्येक उत्तराला गुण. पस्तिसांपैकी मला बावीस पडले. जितके जास्त तितका आजार जास्त. शाळेत उलटं असायचं.

मग त्याने पान उलटलं आणि थांबला. कान लाल झाले. माझ्या वडिलांचे असेच व्हायचे.

"बाबा, हे पुढचं पान... हे तुम्हाला लागू नाही ना?"

कसलं पान हे मी विचारलं नाही. चष्म्याशिवायही मोठी अक्षरं दिसत होती. समोर टोकनांची पाटी होती, तिच्यावर सत्तेचाळीस. तिकडे बघत म्हणालो, "छे. नाही नाही."

त्याने वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढली आणि कडेला लिहिलं, लागू नाही. आम्हा दोघांनाही हायसं वाटलं. त्याने लगेच जाऊन कॉफी आणली.

मग एका नरसाळ्यात लघवी करायला लावली. खाली यंत्र, ते धारेचा आलेख काढतं. यशवंतपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो, येईल त्या भागाला गेज लावून पास-नापास करायचो. म्हणून आलेख मागून घेतला. डोंगर यायला हवा, म्हणे. माझा आला तो माळ, लांबच लांब, मध्ये दोन दगड.

डॉक्टर तरुण, कन्नड बोलणारे, आवाज हळू. सांगितलं, मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, मधून लघवीची नळी जाते. तरुणपणी अक्रोडाएवढी. वयाबरोबर वाढते आणि नळी दाबते. तुमची चांगल्या लिंबाएवढी झालीय. रक्ताचा रिपोर्ट वयाला धरून आहे, काळजीचं काही दिसत नाही. रोज रात्री एक गोळी.

त्या तिरक्या रेघेच्या पानावरून त्यांचा अंगठा भराभर पुढे गेला.

२६ नोव्हेंबर, मंगळ.

गोळीला आठवडा झाला. धार आली. कमान नाही, पण धार.

रात्री एकदाच उठलो. सलग झोप लागली की स्वप्नं पडतात हे विसरलोच होतो. मास्तर फळ्यावर लिहीत होते, मी उतरवून घेत होतो, आणि ते पुसायच्या आत माझं पुरं होत होतं. काय लिहिलं होतं ते जागा झालो तेव्हा गेलं. सु. म्हणाली, "झोपेत म्हणत होता काहीतरी. चाल बरोबर होती."

१ डिसेंबर, रवि.

हे लिहावं की नाही. वही माझी आहे. लिहितो.

आमचं अजून आहे. पूर्वीसारखं नाही. महिन्यातून एखादा रविवार, वर्गाहून आल्यावर, जेवणं झाली की. घाई नसते. कधी नुसतं जवळ पडून राहणं, कधी त्यापुढे. अ. वेगळा राहायला गेला तेव्हापासून उलट मोकळेपणाच आला. लोकांना वाटतं या वयात असलं काही नसतं. आम्हीही तसं वाटू देतो.

आज शेवटापर्यंत गेलो. सुखही झालं. आणि काहीच आलं नाही. कोरडं.

उठून मोरीत गेलो आणि उगाच नळ सोडून उभा राहिलो. आतून सु.ची हाक आली, "काय झालं हो?"

"काही नाही."

बाहेर आलो तर तिने पदर सारखा करून घेतला होता आणि भिंतीकडे तोंड केलं होतं. मी काही बोलायला हवं होतं.

म्हणजे संपलं. विहीर आटते ते गावाला एकदम कळतं, पण विहिरीला आधी कळत असेल.

४ डिसेंबर, बुध.

पुढच्या खोलीत दिवाणावर झोपायला लागलो. सु.ला म्हणालो, मी सारखा उठतो, तुझी झोपमोड होते. आता मी एकदाच उठतो, हे तिला ठाऊक आहे.

"सरी," म्हणाली, म्हणजे बरं. या घरात भांडण व्हायच्या आधी मिटवायचा शब्द कन्नड आहे. उशीला धुतलेला अभ्रा घालून दिला.

दिवाणावरून रस्त्यावरचं गुलमोहराचं झाड दिसतं. आत्ता शेंगा वाळल्यात, वाऱ्यावर खुळखुळतात. बराच वेळ ऐकत पडलो.

८ डिसेंबर, रवि.

वर्गाला गेलो नाही. शेजारचा रामण्णा कॉफीला घेऊन गेला. निवृत्त कंडक्टर, त्याचं मराठी माझ्या कन्नडइतकंच कामचलाऊ आहे. उभ्याने कॉफी पिता पिता म्हटलं, माझ्या एका मित्राचं असं असं झालंय.

रामण्णाने फुंकर मारली, घोट घेतला. "मित्राला सांग, शेवटच्या स्टॉपला गाडी लागली की कंडक्टर तिकिटं फाडत नाही."

"मित्र म्हणतो, गाडीत अजून एक प्रवासी आहे."

रामण्णाची बायको जाऊन चार वर्षं झाली. पेला ठेवून म्हणाला, "मग मित्राने डॉक्टरला विचारावं, अण्णा. लवकर विचारावं."

कोणत्या तोंडाने विचारणार. मुलाकडून रेघ मारून घेतली आहे.

पण येताना विचार आला. नवीन काय झालं? गोळी. तर मग गोळी बंद. कारखान्यात असंच करायचो, माल बिघडला की शेवटी बदललेला भाग आधी काढायचा. कोणाला बोललो नाही. आजपासून रोज रात्री गोळी पाकिटातून काढून बेसिनमध्ये टाकायची, म्हणजे सु.ला पाकीट रिकामं होताना दिसेल.

१२ डिसेंबर, गुरु.

पुन्हा माळ. रात्री चारदा. सोसतो आहे.

१६ डिसेंबर, सोम.

कालचं आज लिहितो. पलंगाच्या कडेला पिशवी लटकते आहे, नळी पांघरुणातून तिच्यात.

सर्दी झाली होती. वर्गात शिंका नकोत म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून सर्दीची गोळी घेतली. शनिवारी दोन आणि काल सकाळी एक. स्टुलावर बसायचं होतं तिथे बसलो, पण पाळी आली तेव्हा उभा राहून पाखरांची मोठी कविता पुरी म्हटली, आठही कडवी. मध्ये एकदाही लागली नाही. कुलकर्णींनी टाळी वाजवली. मला वाटलं, शरीर ऐकायला लागलं.

घरी आलो. एक वाजला, दोन वाजले. लागली होती, पण येईना. पाणी पिऊन पाहिलं, तो आणखी एक मूर्खपणा. चारला पोट ढोलासारखं. मोरीच्या कडीला धरून उभा होतो, तशात सु. आत आली. दार मी लावलं नव्हतं की तिने ढकललं, आठवत नाही. "चला," एवढंच म्हणाली. अ.ला फोन केला तर तो म्हणाला मी निघतो, तर ही म्हणाली, "तू पोचेपर्यंत हे मरतील," आणि रिक्षा बोलावली.

प्रत्येक गतिरोधकाला डोळ्यांपुढे पांढरं. रिक्षावाला आरशातून बघत म्हणत होता, "स्वल्प सोसा अण्णा, आलंच." सु.ने माझा हात तिच्या मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरला होता. कविता आठवून पाहिली. एकही आली नाही.

नळी घातली तेव्हा आधी दुखलं, मग सगळं सुटलं. नर्सने आकडा मोठ्याने वाचला, नऊशे मिली. माझ्या डोळ्यांतूनही आलं.

डॉक्टर म्हणाले, सर्दीच्या गोळीने मूत्राशयाचं तोंड आवळतं. ग्रंथी वाढलेल्यांनी ती विचारल्याशिवाय घ्यायची नसते. पण आपली गोळी चालू होती ना? मी छताकडे पाहिलं. बंद केली म्हणालो. का? सर्दी झाली म्हणून, म्हणालो. कसलंही उत्तर.

मग ते सु.शी कन्नडमध्ये बोलले. एकदा तुंबलं की पुन्हा तुंबू शकतं, शस्त्रक्रियेचा विचार करा. दुर्बीण घालून आतला वाढलेला भाग खरवडून काढतात. धार खात्रीने सुधारते. "एक गोष्ट सांगावी लागते. यानंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर यायच्याऐवजी मागे मूत्राशयात जातं. धोका नसतो, कोरडं वाटतं इतकंच." फाइल उलटली. "पण यजमानांनी ते पान लागू नाही म्हणून दिलंय, तेव्हा तो प्रश्न नाही."

सु.ने त्या पानावरची रेघ पाहिली. बराच वेळ पाहिली. मग पर्स उघडून रुमाल शोधू लागली, तो तिच्या हातातच होता.

१८ डिसेंबर, बुध.

नळी काढली. गोळी पुन्हा सुरू. होते आहे, ठीक.

सु. सगळं करते. पेज, औषध, कपडे. फक्त बोलत नाही. दुपारी चादरीच्या घड्या घालताना एकदम म्हणाली, "लागू नाही हे कोणी ठरवलं?"

म्हटलं, "अ. वाचत होता, त्याच्यासमोर कसं..."

"मी मुलाचं विचारत नाहीये."

चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. तिने ते काढून घेतलं आणि एकटीनेच घडी घातली.

दिवाणावर पडून विचार केला. फॉर्मवर एक रेघ मारून मी आमचे सगळे रविवार खोडले. ते तिचेही होते.

२२ डिसेंबर, रवि.

वर्गाला गेलो नाही. बाजारात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग लागलेत, साऱ्या बेंगळुरूला त्यांचा वास आहे. रामण्णाने दोन किलो आणून दिल्या. दाणे रात्रभर भिजवलेले, आज सकाळी दोघं जमिनीवर परात घेऊन बसलो. दाणा चिमटीत दाबला की साल मागे राहतं आणि आतली डाळ उडून परातीत पडते. हात गुंतलेले, नजर परातीत. बोलायला यासारखी दुसरी जागा नाही.

मी म्हणालो, "त्या रविवारी काही आलं नाही. कोरडं गेलं. मला वाटलं संपलं सगळं. म्हणून बाहेर झोपलो. गोळीनेच झालं असेल म्हणून गोळी टाकली."

ती दाणे सोलत राहिली.

"बेसिनमध्ये टाकत होता. मला माहीत आहे."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठे बोलला." चार दाणे झाले. मग म्हणाली, "मला वाटलं माझ्या तेलाचा वास सोसत नाही."

कसलं तेल? गुडघ्यांचं. रोज रात्री ओव्याचं तेल लावते ते. मी बाहेर गेलो त्या दिवसापासून तिने लावणं सोडलं होतं. अठरा रात्री. परवा जिन्यावर थांबली होती, मला वाटलं दम लागला.

"इतकं दुखत होतं तर..."

"दुखतं ते सांगायचं असतं का आपल्या घरात," ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं. मलाही. हसताना तिच्या चिमटीतली डाळ उडून थेट माझ्या चष्म्यावर.

"पण लागू नाही लिहिलंत ते मला लागलं," म्हणाली. "रिक्षात मी तुमचा हात धरून बसले होते, आणि तुमच्या कागदावर मी नव्हतेच."

हात ओला होता, तसाच तिच्या गुडघ्यावर ठेवला. बराच वेळ. तिने काढला नाही.

संध्याकाळी दिवाणावरची उशी तिने आत नेली. मी बघत होतो. मागोमाग गेलो.

२४ डिसेंबर, मंगळ.

अ.चा फोन. शुक्रवारी डॉक्टरांकडे नेतो म्हणाला. मी म्हणालो, नको, तुझी आई येणार आहे.

"आईला कळेल का सगळं?"

"तिला आधीपासून कळतंय. आपण दोघंच मागे होतो."

तो म्हणाला, "बाबा, त्या पानावर रेघ मीच मारली. मला ते... मराठीत कसं विचारायचं तेच कळेना. इंग्रजीत तुम्हाला विचारणं तर आणखीच..."

"मी नाही म्हणालो म्हणून मारलीस."

"तुम्ही हो म्हणाला असता तर मी काय केलं असतं, देव जाणे."

"उठून कॉफी आणली असतीस."

हसला. लहानपणी कडवं विसरला की असाच हसायचा, पुढची ओळ मी हळूच सांगेन म्हणून. यावेळी पुढची ओळ मलाही येत नव्हती.

२७ डिसेंबर, शुक्र.

दोघं गेलो. माझ्या आधी सु.च बोलली, कन्नडमध्ये, खुर्चीत नीट टेकायच्या आत. "त्या पानावर चुकीचं लिहिलंय. दुरुस्त करा."

डॉक्टरांनी फाइल उघडली, ते पान काढलं, दुसरं कोरं घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत. तेवढ्यासाठी त्यांचे उपकार.

आणि मी सांगितलं. किती वेळा, कधीपासून, काय होतं, काय होत नाही, ताठरता किती टिकते. कन्नडमध्ये भराभर आलं. मराठीत हीच वाक्यं आईसमोर म्हटल्यासारखी वाटली असती. कन्नड मी कारखान्यात शिकलो, तेलाग्रीसच्या वासात. तिथे प्रत्येक भागाला नाव होतं आणि बिघाड सांगताना कोणी लाजत नव्हतं.

ते म्हणाले, कोरडं झालं ते गोळीनेच. मूत्राशयाचं तोंड सैल पडतं, म्हणून वीर्य मागे जातं. तुम्ही संपला नव्हता. हे आधी सांगायला हवं होतं, आणि सांगितलंही असतं, पण पान...

बाकीचं वयाचं. पूर्वीपेक्षा वेळ लागणं, कधी जमणं कधी न जमणं, हे सत्तरीत बहुतेकांना असतं. मुद्दा इतकाच की तुम्हा दोघांना त्याचं वाटतं का. वाटत असेल तर ते उपचारात धरायचं.

आता रस्ते असे. गोळीच चालू ठेवायची, पण पुन्हा तुंबायची भीती राहते. खरवडायची शस्त्रक्रिया सगळ्यात भरवशाची, पण कोरडेपण बहुधा कायमचं. तिसरा रस्ता छोटा, ग्रंथीला टाके घालून नळीपासून बाजूला ओढून धरायची. त्यात वीर्य सहसा पुढेच येतं, पण धार तितकी नाही सुधारत आणि काही वर्षांनी पुन्हा करावं लागू शकतं. तुमच्या ग्रंथीच्या आकाराला तो जमेल, मी तपासलंय.

पुढच्या शुक्रवारी अकराला सांगा म्हणाले. दोघांनी ठरवून.

उठताना सु.ने विचारलं, "सर्दी झाली तर काय घेऊ यांच्यासाठी?" त्यांनी कागदावर लिहून दिलं.

२९ डिसेंबर, रवि.

वर्गाला गेलो. मी न येण्याचं कारण रामण्णाकडून सगळ्यांना कळलेलं, कंडक्टरच तो, शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचतो. कुलकर्णी उभे राहिले, हात मागे. मला वाटलं कविता. म्हणाले, "मी तीन वर्षं ती गोळी घेतोय. रविवारी सकाळपासून पाणी पीत नाही, तुमच्या नियमापायी."

पाटील म्हणाले, "मी तर प्रत्येक कवितेच्या मध्ये खाली चहा सांगायला जातो. बायकोला एकदाही चहा सांगितलेला नाही."

मोजलं तर नवांपैकी सहा. इतकी वर्षं पाणी न पिता उभे राहत होते. माझ्यामुळे. ठराव झाला, दर तीन कवितांनंतर मधली सुट्टी. पण त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. जिना उतरताना कुलकर्णी मागून हळूच म्हणाले, "डॉक्टरचं नाव देऊन ठेवा, सबनीस. लघवीसाठी नव्हे." आणि भराभर पुढे गेले.

२ जानेवारी, गुरु.

उद्या शुक्रवार.

चार दिवस घोकतो आहे. सु.चं ठरलंय. सकाळी फुलवाती वळताना म्हणाली, "खरवडून टाका. रिक्षातला तो चेहरा मला पुन्हा बघायचा नाही. बाकीचं पुढे गेलं काय अन् मागे गेलं काय, मी थोडीच बघायला जाते."

खरं आहे. तरी मला वाटतं. या वयात काय वाटायचं, पण वाटतं. पुन्हा मूल व्हायचं नाही, काही नाही. शरीराने आजवर एवढं एक उधळून दिलं, आणि तेही आता आतच जिरायचं, कोणाला पत्ता न लागता... तिला हे सांगितलं. मराठीत. अडखळलो, पण सांगितलं.

तिने वात अर्धवट ठेवली. "मग तो टाक्यांचा रस्ता घ्या. पुन्हा करावं लागलं तर लागलं. मी कुठे जाणार आहे."

"तुझी भीती?"

"ती राहीलच. तुमचं वाटणं राहतं तशी."

म्हणजे आता तिने माझं धरलं आणि मला तिचं पटायला लागलं. जेवतानाही हेच. भाताच्या वेळी मी खरवडण्यापर्यंत आलो होतो, ताकाच्या वेळी पुन्हा टाक्यांवर.

ऊन खिडकीतून गादीवर आलंय, चादर बदललेली आहे. रविवार नाही तरी. अ.चा फोन येऊन गेला, तिने सांगितलं बाबा झोपलेत. मी टेबलाशी जागा, हे लिहितो आहे.

आत्ताच विचारलं, "मग उद्या काय सांगू?"

म्हणाली, "उद्या अकरा वाजता बघू. आत्ता पावणेतीन झालेत."

कडी तिने लावली.